पाणीपातळीचा चार्ट आणि त्याचे अक्ष: प्रकल्प नोंदी, बडोदा

१२ मे

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर पावसाळाभर लावायचा पाणीपातळीचा चार्ट नव्याने बांधायचा आहे. पातळ्या दोन: काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी मोजतात ती विश्वामित्रीची, आणि आजवा सरोवराची. जाहीर होतात तेवढेच आकडे भरायचे. पुलावर जाऊन बघून यायचं नाही. मगरींची नदी आहे आणि आपल्याकडे उत्साही मुलं बरीच आहेत, म्हणून हे पहिल्याच नोंदीत लिहून ठेवतो.

मागच्या पावसाळ्याची एक्सेल फाइल आहेच आणि तिची गणितं बरोबर आहेत. अडचण कागदावर दिसते. दोन वेगळ्या दिवसांच्या प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत उभा अक्ष १६ फुटांना संपतो, दुसरीत ३० ला. रेघ मात्र दोन्हींत वरच्या कडेला टेकलेली. नानांनी लांबूनच बघून विचारलं, "काय रे, दोन्ही दिवशी पाणी सारखंच होतं काय?" अक्षावरचे आकडे वाचा, असं त्यांना सांगणं सोपं आहे. पण छत्री मिटवत बोर्डासमोर उभा राहिलेला माणूस आकडे वाचत नाही, रेघ किती वर गेली ते बघतो आणि गाडी हलवायची की नाही ते ठरवतो.

तेव्हा काम असं: अक्ष कुठे सुरू व्हायचा, कुठे संपायचा आणि कधी हलायचा, याचा नियम आपला हवा. तो लागू मात्र आपोआप व्हायला हवा, कारण पाणी चढत असताना फाइल कोण उघडेल ते सांगता येत नाही.

१५ मे

एक्सेल अक्ष कसा ठरवतं ते आधी नीट समजून घेतलं. खोटे आकडे भरून पाहिलं, कारण खरी नोंद अजून सुरू व्हायची आहे.

सगळे आकडे धन असतील तर एक्सेल सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याशी ताडून पाहतं. हा फरक एक षष्ठांशाहून, म्हणजे १६.६७ टक्क्यांहून जास्त असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होतो. कमी असेल तर शून्य सोडून दिलं जातं आणि अक्ष लहान आकड्याच्या जरा खालून सुरू होतो. किती खालून? फरकाच्या निम्म्याने खाली गेलं की तिथे किंवा त्याखाली जी पहिली खूण येते तिथून. वरच्या टोकाला फरकाच्या ५ टक्के जागा सोडून पुढची खूण.

नदीच्या कॉलममध्ये २२, २३, २४, २५ भरले. फरक ३, म्हणजे १२ टक्के. अक्ष २० च्या आसपास सुरू झाला आणि रेघ कडा चढल्यासारखी उभी. मग सुरुवातीला फक्त एक २० घातला. फरक ५, म्हणजे २० टक्के. अक्ष झपकन शून्यावर आला आणि तीच रेघ कागदाच्या वरच्या भागात जवळजवळ आडवी पडली. एका आकड्याने 'पळा' चं 'बसा' झालं. पाण्यात काही बदल नाही.

खुणांमधलं अंतर, ज्याला तिथे मेजर युनिट म्हणतात, ते एक्सेल १, २ किंवा ५ च्या दशपटींतूनच निवडतं: ०.५, १, २, ५, १० असं. पण त्यातला नेमका कोणता, हे चार्टच्या आकारावर आणि अक्षरांच्या मापावरही ठरतं. म्हणून मोबाइलसाठी चार्ट लहान केला की तेच आकडे वेगळ्या अक्षावर बसतात. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली.

१६ मे

अक्षाच्या खिडकीत किमान आणि कमाल हाताने टाइप करता येतं. टाकलं की ते कायमचं होतं आणि शेजारी रीसेटचं बटण उगवतं. मात्र तिथे सेलचा पत्ता चालत नाही, नुसता आकडाच लागतो. गंमत म्हणजे चार्टचं शीर्षक सेलला जोडता येतं: शीर्षक निवडा, फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह टाका, सेलवर टिचकी मारा. अक्षाला ही सोय नाही. सगळी खटपट त्यापायीच.

१९ मे

आडव्या अक्षावर आलो.

मागच्या फाइलमध्ये रेषाचार्ट होता आणि तारखांचा अक्ष. त्या अक्षाचं सर्वांत लहान माप एक दिवस असतं, तासांत तो जातच नाही. पूर आला की नोंदी तासातासाला येतात आणि एका दिवसाच्या सगळ्या नोंदी एकाच उभ्या रेघेवर एकावर एक बसतात. नेमकं जे बघायचं तेच दिसेनासं होतं. तेव्हा स्कॅटर प्रकार घ्यायचा, रेघांनी जोडलेला.

स्कॅटरमध्ये वेळ हा साधा आकडा होतो. एक्सेलला दिवस म्हणजे १, सहा तास म्हणजे ०.२५. एका दिवसाच्या नोंदी टाकल्या आणि अक्षावर आलं: ०:००, ४:४८, ९:३६, १४:२४. सेक्रेटरी म्हणाले, "भाई, आ शुं? राहुकाळ छे?" कारण वरचंच: ०.२ हा दशमानात गोल आकडा आहे, घड्याळात मात्र तो चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मेजर युनिट हाताने ०.२५ केलं की खुणा सहा-सहा तासांवर येतात. तीन दिवसांच्या चार्टला ०.५ पुरेल.

पण किमान-कमाल? तीन दिवसांची खिडकी रोज पुढे सरकायला हवी. मॅक्रोशिवाय, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय, होणार नाही असं आज तरी वाटतंय.

२३ मे

मॅक्रो लिहिला. अक्षाच्या वस्तूला मिनिमम-स्केल, मॅक्सिमम-स्केल आणि मेजर-युनिट असे तीन गुण असतात. 'हद्दी' नावाच्या पानावर सहा सेल केले आणि मॅक्रो ते आकडे उचलून चार्टच्या दोन्ही अक्षांना लावतो. मजकूर दहा-बारा ओळींचा. खरा प्रश्न तो केव्हा चालावा हा आहे.

पहिला विचार वर्कशीट-चेंज या घटनेचा. ती सेलमध्ये कोणी टाइप केलं की घडते, पण फॉर्म्युलाचं उत्तर बदललं तर घडत नाही. आपल्या हद्दी फॉर्म्युलातूनच निघतात, म्हणून वर्कशीट-कॅल्क्युलेट घ्यावी लागली. ती पानाची फेरगणना झाली की दर वेळी घडते, आणि काय बदललं ते सांगत नाही.

तिचा एक त्रास आहे. मॅक्रोने फाइलमध्ये काही बदललं की अन्डूची यादी पुसली जाते. दर फेरगणनेला मॅक्रो अक्ष लिहीत बसला तर भरणाऱ्याला एकही चूक मागे घेता येणार नाही. म्हणून आधी ताडून पाहायचं: सध्याची कमाल आणि सेलमधली कमाल वेगळी असेल तरच लिहायचं. शिवाय सेलमध्ये आकडाच आहे ना आणि कमाल किमानपेक्षा मोठी आहे ना, हेही तपासायचं. रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि शून्य ते शून्य असा अक्ष कोणालाच नको.

आणखी एक आडवाट आहे. आपण लिहिलेलं फंक्शन सेलमधून बोलावलं तर त्याला दुसऱ्या सेलमध्ये काही लिहिता येत नाही, हा एक्सेलचा नियम. चार्टच्या अक्षाला मात्र ते हात लावू शकतं. म्हणजे सेलमध्येच 'अक्ष लाव' असा फॉर्म्युला लिहिता येतो आणि घटनेची भानगड उरत नाही. करून पाहिलं, चालतं. तरी ठेवलं नाही. जे फंक्शन उत्तर द्यायच्या निमित्ताने गुपचूप चार्ट बदलतं, ते दोन वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला सापडायचं कसं?

२७ मे

मॅक्रोची फाइल सेक्रेटरींना मेलवर पाठवली. त्यांच्याकडे वर लाल पट्टी आली आणि मॅक्रो बंदच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकची खूण केली की चालू होतात. हे एका माणसाला फोनवर शिकवता येईल, समितीतल्या सगळ्यांना नाही. आणि शिकवूही नये. अनोळखी फाइलवर तीच खूण करायची सवय लागली तर हिशेबाचा संगणक एक दिवस गाळात जायचा.

त्याहून मोठी अडचण मोबाइलची. फोनवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत, ब्राउझरमधल्या एक्सेलमध्येही नाहीत. पाणी चढतं तेव्हा लाइट जाते आणि हातात फोनच असतो. त्या वेळी आकडा भरला जाईल, रेघ पुढे सरकेल आणि अक्ष मात्र शेवटी सेव्ह केला तिथेच राहील. नेमक्या गरजेच्या दिवशी चार्ट खोटं बोलणार.

मॅक्रो बाजूला ठेवला. पुसला नाही, जुन्या फोल्डरात आहे.

३१ मे

मॅक्रोशिवायचा जुना उपाय: अदृश्य मालिका. चार्टमध्ये आणखी एक मालिका घालायची, रेघ नाही, ठिपका नाही. तिचे दोन बिंदू अक्षाला जिथवर न्यायचं तिथे ठेवायचे. अक्ष स्वयंचलितच राहतो, फक्त त्याच्या हिशेबात हे दोन बिंदूही येतात. बिंदूंची उंची फॉर्म्युलातून येते, त्यामुळे फोनवरही चालतं.

इथे १५ तारखेची ती ५ टक्क्यांची जागा आडवी आली. नदीचा अक्ष ० ते ४० हवा, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. तो दिवस मावेल आणि वर थोडी जागा राहील एवढा कागद हवाच. अदृश्य बिंदू ० आणि ४० ला ठेवले तर अक्ष ४५ वर जातो: ४० अधिक २, पुढची खूण ४५. म्हणून वरचा बिंदू ३८ ला ठेवला. ३८ अधिक १.९ म्हणजे ३९.९, पुढची खूण ४०. मेजर युनिट ५ हे हाताने पक्कं केलं, नाहीतर हा हिशेब चार्टच्या आकारासोबत हलला असता.

नियम असा बसवला: हंगामातला सर्वांत मोठा आकडा ३८ किंवा कमी असेल तर बिंदू ३८ ला, जास्त असेल तर ४७ ला. ४७ अधिक २.३५ म्हणजे ४९.३५, अक्ष ५०. मधली पायरी नाही. आणि 'हंगामातला' हा शब्द महत्त्वाचा. गेल्या तीन दिवसांचा मोठा आकडा घेतला असता तर पूर ओसरताच अक्ष खाली आला असता आणि उतरती नदी पुन्हा कागदाच्या मध्यावर चढलेली दिसली असती. एकदा वर गेलेला अक्ष त्या पावसाळ्यात खाली यायचा नाही.

यादीत अदृश्य मालिकेचं नाव दिसत होतं. यादीतल्या त्या नावावर दोनदा सावकाश टिचकी मारून तेवढंच पुसलं.

धोक्याची रेघही अशीच दोन बिंदूंची, लाल. तिची उंची सेलमधून येते, कारण बातम्यांत धोक्याची पातळी कधी २५ फूट लिहितात, कधी २६. आपण वाद घालायचा नाही. त्या वर्षी जे जाहीर होईल ते सेलमध्ये भरायचं, चार्ट उघडून रेघ ओढत बसायचं नाही.

४ जून

आडव्या अक्षालाही अदृश्य बिंदू लावून पाहिले. जमत नाही. एक्सेलच्या लेखी आजची तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजत आलेला सेहेचाळीस हजारांच्या घरातला आकडा. तीन दिवसांचा फरक त्याच्यापुढे नगण्य, एक षष्ठांशाचा प्रश्नच येत नाही. मग अक्ष फरकाच्या निम्म्याने मागे जातो, म्हणजे तीन दिवसांच्या चार्टला डावीकडे दीड दिवसाची कोरी पट्टी.

संध्याकाळी हे नानांसमोर बोललो. ते निवृत्तीआधी रेल्वेत होते. म्हणाले, "गाडी किती वाजता सुटली ते कशाला लिहितोस? किती तासांपूर्वी सुटली ते लिही." तिथेच सुटलं.

अक्ष हलवायचाच नाही. आकडे हलवायचे. नव्या कॉलममध्ये प्रत्येक नोंदीची वेळ वजा शेवटच्या नोंदीची वेळ, गुणिले २४. शेवटची नोंद शून्यावर, बाकीच्या ऋण: -६, -१८, -७०. आडवा अक्ष हाताने कायमचा -७२ ते ०, युनिट १२. नवी नोंद आली की सगळे जुने बिंदू आपोआप डावीकडे सरकतात. ७२ तासांपलीकडच्या नोंदींना एनए(), म्हणजे 'आकडा उपलब्ध नाही' ही एक्सेलची खूण, दिलं की त्या चार्टवर येत नाहीत. रिकामं अवतरण ("") चालणार नाही, एक्सेल त्याला मजकूर समजून भलतीकडे मांडतं.

कॉलममध्ये एनए आलं की साधं मॅक्सही एनए देतं. म्हणून हंगामाची कमाल मूळ आकड्यांच्या कॉलमवरून काढायची, चार्टच्या कॉलमवरून नाही. किंवा ॲग्रिगेट वापरायचं: ४ म्हणजे कमाल, ६ म्हणजे चुका सोडून.

शेवटची वेळ म्हणून आत्ताची वेळ देणारं नाऊ() घेतलं नाही. ते घड्याळाबरोबर नाही, फेरगणनेबरोबर पुढे जातं. त्यातून चार्टचं उजवं टोक म्हणजे 'आत्ता' असं दिसलं असतं, आणि नोंद नऊ तासांपूर्वीची असली तरी कोणाला कळलं नसतं. खुणांना सानुकूल रचना दिली: ०;०;"शेवटची नोंद". पहिला भाग धन आकड्यांना, दुसरा ऋण आकड्यांना, तिसरा शून्याला. त्यामुळे -७२ चं नुसतं ७२ दिसतं आणि शून्याच्या जागी शब्द येतात. खरी तारीख-वेळ शीर्षकात, सेलला जोडलेली.

एक फायदा न मागता मिळाला. आडवा अक्ष ऋण झाल्यामुळे उभा अक्ष शून्यापाशी, म्हणजे उजव्या कडेला जाऊन उभा राहिला. फुटांचे आकडे आता ताज्या बिंदूच्या शेजारीच आहेत. तसंच ठेवलं.

८ जून

आजवा.

समितीचा आग्रह होता की दोन्ही रेघा एकाच चार्टवर हव्यात, डावीकडे नदी, उजवीकडे धरण. ते मी केलं नाही आणि बैठकीत का ते सांगितलं. दोन अक्षांच्या चार्टवर दोन रेघा कुठेतरी एकमेकींना छेदतात, आणि बघणाऱ्याला तिथे काहीतरी घडलंय असं वाटतं. घडलेलं काही नसतं, अक्ष तसे मांडलेले असतात. कोणीतरी ग्रुपवर लिहिणारच: नदी धरणाच्या वर गेली!

आजव्याचा आकडा दोनशेच्या वरचा असतो, पावसाळ्यात भरत आलं की २१०-२१४ फुटांच्या घरात. ती पाण्याची खोली नाही, समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. त्यामुळे त्या अक्षाला शून्य लावून उपयोग नाही. शून्यापासून काढलं तर धरण भरो की ओसंडो, रेघ छताला चिकटलेली. एक्सेलवर सोडून दिलं तर वरचा एक षष्ठांशाचा नियम: अर्ध्या फुटाचा चढ डोंगर दिसतो. अदृश्य बिंदूंनीही नेमकी खालची हद्द मिळत नाही, तो पुन्हा फरकाच्या निम्म्याने खाली घसरतो.

मग लक्षात आलं की इथे आपोआप काही व्हायलाच नको. धरणाची पातळी कुठवर जाऊ द्यायची हे दरवाजांवर ठरतं, ती नदीसारखी मोकळी नाही. हाताने २०४ ते २१६, युनिट २, आणि विषय संपला. नदीच्या अक्षाची वरची हद्द तेवढी आपोआप, बाकी तिन्ही कायम. महिनाभर स्वयंचलनाचा अभ्यास करून एवढंच स्वयंचलित राहिलं, यावर सेक्रेटरी खूप हसले.

दोन चार्ट एकाखाली एक लावले, वर आजवा, खाली विश्वामित्री. आडवा अक्ष दोन्हींना तोच, ७२ तास. हे जुळणं गरजेचं आहे. नदी पावागढकडून येते, शहरात ऊन पडलं तरी वरचं पाणी नंतर पोहोचतं, आणि 'पाऊस थांबला, आता उतरणार' हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. वरच्या चार्टमधला चढ आणि खालच्या चार्टमधला चढ यांत किती तास गेले, ते पट्टी लावून वाचता यायला हवं. उभ्या अक्षांवरच्या '२१६' आणि '४०' या आकड्यांची रुंदी वेगळी असल्यामुळे दोन्ही चार्टचा आतला चौकोन कमी-जास्त होत होता. तो हाताने ओढून सारखा केला. एकदा हाताने बसवला की एक्सेल तो पुन्हा आपणहून हलवत नाही.

१३ जून

फाइलला त्रास देण्याचा दिवस.

२४.५ ऐवजी २४५ भरलं. अक्ष गेला २५० च्या पार आणि सगळी नदी तळाला सपाट. पुराच्या दिवशी हे झालं तर कोणीतरी सुटकेचा श्वास सोडेल. डेटा व्हॅलिडेशन लावलं, ० ते ५० मधलाच आकडा घ्यायचा. पण ते फक्त टाइप केलेल्याला अडवतं, कॉपी करून चिकटवलेल्याला नाही. म्हणून चार्टच्या कॉलममध्येही अट घातली: ५० च्या वरचा आकडा एनए, आणि शीर्षकात 'एक नोंद तपासा' असे शब्द. हंगामाची कमालही अशी नोंद वगळूनच निघते.

"२४.५ फूट" असं भरलं की तो मजकूर होतो आणि चार्टवर शून्य म्हणून उतरतो. तेही व्हॅलिडेशनने अडतं. फूट हा शब्द कॉलमच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला, कोणी भरायला जाऊ नये.

मदतीचे कॉलम लपवून पाहिले, कारण पान नीटनेटकं दिसावं म्हणून कोणीतरी ते करणारच. लपवताच अदृश्य मालिका खरोखर अदृश्य झाली आणि अक्ष खाली येऊन बसला. एक्सेल लपवलेल्या ओळी-कॉलमांचे आकडे चार्टमध्ये घेत नाही. चार्टच्या सिलेक्ट डेटामध्ये लपवलेल्या सेलसाठी खूण असते, ती दोन्ही चार्टना केली.

लिबरऑफिसमध्ये फाइल उघडते, पण स्वयंचलित अक्षाचा तिचा हिशेब निराळा आहे. ३८ ची युक्ती तिथे जशीच्या तशी धरून चालायचं नाही. ज्यांच्याकडे लिबरऑफिस आहे त्यांनी आकडे भरावेत, प्रिंट काढू नये.

१७ जून

पान कुलूपबंद केलं. फक्त तीन कॉलम उघडे: वेळ आणि दोन पातळ्यांचे आकडे. 'वस्तू बदलणे' ही खूण काढून टाकली, म्हणजे बोटाने चार्ट ओढला जाणार नाही. पासवर्ड समितीच्या रजिस्टरच्या आतल्या पानावर.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल रेघ करडी होते आणि नदीच्या रेघेत मिसळते. धोक्याची रेघ तुटक केली, जाडी वाढवली.

ग्रुपवर चित्र टाकताना स्क्रीनशॉट नको, चार्ट कॉपी करून चित्र म्हणून चिकटवायचा. स्क्रीनशॉटमध्ये लोक वरचा कोरा भाग कापतात, आणि त्या कोऱ्या भागासाठीच तर अक्ष ४० पर्यंत नेला आहे.

२० जून

नानांना चार प्रिंट दाखवल्या, खोट्या आकड्यांच्या: १२ फूट, १९, २५, ३४. चष्मा न लावता लांबून. चौघी उंचीप्रमाणे बरोबर लावल्या. मग म्हणाले, "हे ठीक आहे. पण गाडी कितीला हलवायची ते लिहिलेलं नाही."

ते समितीने ठरवायचं. २२ च्या बैठकीत विषय घेतला आहे. आकडा मिळाला की आणखी एक आडवी रेघ, सेल 'हद्दी' पानावर तयार आहे.